पर्यावरणाचा संकल्प करायचाय? आधी लाइट बिल हातात घ्या

५ जून, म्हणजे जागतिक पर्यावरण दिन, जवळ आला की व्हॉट्सअॅपवर शपथा फिरायला लागतात. शाळेच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, ऑफिसच्या ग्रुपवर. मी प्लास्टिक वापरणार नाही, मी पाणी जपून वापरीन, मी एक झाड लावीन. महाराष्ट्र सरकारच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात (हे २ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालं) ऑनलाइन ई-शपथ घेता येते, आणि केंद्राच्या ‘मिशन लाइफ’ मध्ये तर सामान्य माणसाने करायच्या ७५ गोष्टींची यादीच आहे, वीज, पाणी, अन्न, कचरा, प्लास्टिक, ई-कचरा सगळं त्यात आलं. यादी चांगली आहे, पण ७५ गोष्टी समोर आल्या की माणूस गोंधळतो, त्यातल्या सगळ्यात सोप्या दोन निवडतो आणि बाकी विसरून जातो. आणि अडचण अशी की सगळ्यात सोप्या गोष्टी बऱ्याचदा सगळ्यात कमी फरक पाडणाऱ्या असतात.

मला शपथ घेणाऱ्यांचं मनापासून कौतुक आहे. कुणीतरी ठरवतंय की माझ्यामुळे कमी नुकसान व्हावं, ही साधी गोष्ट नाही. म्हणूनच त्या माणसाची मेहनत योग्य जागी लागायला हवी असं वाटतं, आणि त्यासाठी हे लिहितोय. कुठल्या गोष्टीचं वजन किती, ते घरबसल्या कसं काढायचं, आणि ठरवलेलं टिकतं कसं, एवढंच.

पर्यावरणाचे प्रश्न वेगवेगळे आहेत

पहिला घोळ इथेच होतो. ‘पर्यावरण’ या एका शब्दात आपण चार-पाच वेगळे प्रश्न कोंबतो. हवामान बदल हा एक. कचरा हा दुसरा. पाण्याची टंचाई तिसरा. शहरातली धुराची हवा चौथा. नद्या, जंगलं, प्राणी हे परत वेगळं. एका प्रश्नावरचा उपाय दुसऱ्यावर चालेलच असं नाही.

प्लास्टिकची पिशवी घ्या. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, शहर बुडालं, आणि तुंबलेल्या नाल्यांमध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांचा मोठा वाटा होता हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली, १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरून फेकायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. हे सगळं बरोबरच आहे. नाला तुंबणं, गाईच्या पोटात पिशव्या जाणं, समुद्रात कचरा जाणं या प्रश्नांवर कापडी पिशवी हा खरा उपाय आहे. पण हवामान बदलावर तिचा परिणाम फार थोडा. पातळ पिशवी पाच ग्रॅमची धरली आणि रोज एक नाकारली तर वर्षाला दोन किलोच्या आत प्लास्टिक वाचतं, ते बनवायला साधारण चार-सहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेला असता. मे महिन्यात दीड टनाचा एसी रात्रभर चालला की तेवढाच जातो. एका रात्रीत.

उलट कापडी पिशवीचंही एक आहे. २०११ मध्ये इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने हिशोब केला होता, त्यात निघालं की सुती पिशवी बनवायलाच इतकी ऊर्जा लागते की हवामानाच्या दृष्टीने ती १३१ वेळा वापरली तेव्हा कुठे साध्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. म्हणून घरातल्या जुन्या पँटची, ओढणीची शिवलेली पिशवी सगळ्यात भारी, आणि प्रत्येक समारंभात फुकट मिळणारी नवीकोरी कापडी पिशवी घेऊन कपाटात ठेवणं यात पर्यावरणाचं काही भलं नाही.

पिशवी सोडू नका. पिशवीवर थांबू नका एवढंच म्हणणं आहे.

कार्बन फूटप्रिंट म्हणजे काय

आता इथून पुढे मी जास्त करून हवामान बदलाबद्दल बोलणार, कारण तिथे मोजमाप सोपं आहे आणि गैरसमज सगळ्यात जास्त आहेत.

कोळसा, पेट्रोल, डिझेल, गॅस जळला की कार्बन डायऑक्साइड निघतो, तो हवेत शेकडो वर्षं राहतो आणि उष्णता अडवून धरतो. आपण जे काही करतो, खातो, विकत घेतो त्यामुळे वर्षभरात असा किती वायू हवेत गेला त्याच्या एकूण वजनाला कार्बन फूटप्रिंट म्हणतात. मिथेनसारखे दुसरे वायू पण त्यात धरतात, ते कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तापवतात त्या हिशोबाने. बस, एवढीच व्याख्या.

आणि हे महिन्याच्या घरखर्चासारखं आहे. घरात पैसे कमी पडायला लागले तर कोथिंबिरीच्या जुडीवर घासाघीस करून काही होत नाही, आधी हप्ता किती जातोय, भाडं किती, शाळेची फी किती हे बघावं लागतं. कोथिंबिरीचे पाच रुपये वाचवणं चुकीचं नाही पण हप्ता तसाच ठेवून पाच रुपयांवर समाधान मानलं तर महिनाअखेरीस परत तेच. कार्बनचंही हप्ते कुठले आणि कोथिंबीर कुठली हे आधी बघायचं.

घराचा हिशोब, चार आकड्यांत

हे आकडे कुठेतरी लिहून ठेवा, मोबाईलमध्ये, फ्रिजवर, कुठेही.

विजेचं एक युनिट म्हणजे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. आपल्या देशात वीज अजून मुख्यतः कोळशावर बनते म्हणून हा आकडा एवढा मोठा आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो. (पेट्रोलचं स्वतःचं वजन लिटरला पाऊण किलोच्या आसपास असतं, मग त्यातून सव्वादोन किलो कसं निघतं असं खूप जण विचारतात, तर जळताना हवेतला ऑक्सिजन त्याला चिकटतो, वजन त्याचं असतं.) घरगुती गॅसचा १४.२ किलोचा सिलेंडर म्हणजे साधारण ४२ किलो. आणि विमानाने पुण्याहून किंवा मुंबईहून दिल्लीला एका बाजूने गेलात तर माणशी साधारण १०० किलो, हिशोबाच्या पद्धतीनुसार थोडं कमी-जास्त.

आता नाशिकमधलं चौघांचं एक घर धरा. महिन्याला २०० युनिट वीज, म्हणजे १४० किलो. एक सिलेंडर, ४२ किलो. कारला ५० लिटर पेट्रोल, ११५ किलो. स्कूटरला १० लिटर, २३ किलो. झाले ३२० किलो महिन्याला. यात अन्न, कपडे, घरबांधणी, नवीन वस्तू काहीच धरलेलं नाही. आता हेच चौघं सुट्टीत विमानाने दिल्लीला जाऊन आले तर त्या एका ट्रिपचे ८०० किलो, म्हणजे घरातली वीज, गॅस, कार, स्कूटर सगळं मिळून अडीच महिन्यांचं. ट्रेनने गेले असते तर याचा एक लहानसा हिस्सा लागला असता.

तुमच्या घराचे आकडे वेगळे असतील. कुणाकडे कारच नसेल, कुणी कामासाठी महिन्यातून दोनदा विमानाने जात असेल. म्हणूनच दुसऱ्याची शपथ कॉपी करून उपयोग नाही. लाइट बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, पेट्रोलचे पैसे फोनमध्ये दिसतात, सिलेंडर कधी घेतला ते बुकिंगच्या मेसेजमध्ये असतं. अर्ध्या तासात घराचा हिशोब निघतो, आणि तो निघाला की कुठे हात घालायचा हे कुणाला विचारावं लागत नाही.

मग काय धरायचं आणि काय सोडून द्यायचं

चार्जर प्लगमधून काढून ठेवा हा सल्ला सगळीकडे असतो. फोन न लावता नुसता लटकलेला चार्जर वर्षभरात जेमतेम एक-दोन युनिट खातो. अख्खा फोन रोज चार्ज केला तरी वर्षाला सहा-सात युनिट. करायचं तर करा, पण यादीत याला पहिलं स्थान देऊ नका. सेट-टॉप बॉक्स मात्र बटण बंद न करता ठेवला तर महिन्याला पाच-सात युनिट जाऊ शकतात.

एलईडीचं काम बहुतेक घरांत होऊन गेलंय, २०१५ च्या उजाला योजनेनंतर साठ वॉटचे पिवळे बल्ब दिसेनासे झाले. आता पाळी पंख्यांची आहे, आणि मला वाटतं आपल्या हवामानात सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच. जुना सीलिंग फॅन ७५ वॉट घेतो, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा फॅन ३० वॉटच्या आसपास, वारा तेवढाच. रोज १२ तास, वर्षात ३०० दिवस चालला तर एका पंख्यामागे १६० युनिट वाचतात म्हणजे ११० किलो कार्बन. पंखा अडीच-तीन हजाराला येतो, दोन-अडीच वर्षांत वसूल. सगळे पंखे एकदम बदलायची गरज नाही, ज्या पंख्याखाली घर सगळ्यात जास्त वेळ बसतं तो आधी.

एसी. घरात म्हातारं माणूस आहे, लहान मूल आहे, विदर्भातला मे महिना आहे, तर एसी लावू नका असं सांगणं मला पटत नाही, उष्माघाताने माणसं जातात. पण १८ वर लावून अंगावर गोधडी घ्यायची ही सवय मोडता येते. बीईई म्हणजे ऊर्जा बचतीचं काम बघणारी सरकारी संस्था, तीच ज्यांचे स्टार आपण फ्रिज-एसीवर बघतो. त्यांचा हिशोब आहे की तापमान एक अंश वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. २० वरून २६ वर आलात आणि सोबत पंखा एकवर ठेवला तर तिसरा हिस्सा वाचतो.

गिझरकडे तर कुणी बघतच नाही. पाणी गरम करणं हे घरातल्या सगळ्यात जास्त वीज खाणाऱ्या कामांपैकी एक. एक बादली कोमट पाण्याला अर्ध्या युनिटच्या आत लागतं, शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहिलं की तीन-चार बादल्या जातात, म्हणजे वीजही तिप्पट-चौपट. चार माणसांच्या घरात एवढ्या एका फरकाने थंडीत महिन्याला ऐंशी-नव्वद युनिटचा फरक पडू शकतो. आपल्या आज्या बादलीत पाणी काढून अंघोळ करायच्या, ती पद्धत वीज आणि पाणी दोन्हीच्या बाबतीत आजही सगळ्यात चांगली आहे.

आता दोन गोष्टी ज्यात लोकांचा अंदाज उलटा असतो. पहिली, इलेक्ट्रिक स्कूटर. ‘वीज कोळशाचीच ना, मग काय फायदा’ हे वाक्य प्रत्येक चहाच्या टपरीवर ऐकू येतं. हिशोब करा. पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देते म्हणजे किलोमीटरला ५० ग्रॅमच्या आसपास कार्बन. इलेक्ट्रिक स्कूटर एका युनिटमध्ये ३० ते ४० किलोमीटर जाते म्हणजे किलोमीटरला १८ ते २३ ग्रॅम. कोळशाच्या विजेवर सुद्धा निम्मं. कारण पेट्रोल इंजिन इंधनातली बहुतेक ऊर्जा उष्णता म्हणून वाया घालवतं. बॅटरी बनवताना जास्त कार्बन निघतो हे खरं, म्हणून चांगली चालू गाडी उगाच विकून नवीन घेऊ नका, पण गाडी बदलायचीच वेळ आली असेल आणि रोजचं फिरणं बऱ्यापैकी असेल तर इलेक्ट्रिक बघा.

दुसरी, इंडक्शन शेगडी. इथे मात्र उलटं आहे. एका सिलेंडरएवढा स्वयंपाक इंडक्शनवर करायला शंभर-एकशेदहा युनिट लागतात, त्याचे सत्तरपेक्षा जास्त किलो होतात, गॅसचे ४२. म्हणजे आजच्या विजेवर कार्बनपुरता गॅसच बरा. स्वयंपाकघरातली हवा स्वच्छ राहते हा इंडक्शनचा फायदा खरा आहे, आणि छतावर सोलर असेल तर सगळं गणितच बदलतं. तोपर्यंत डाळ भिजवून कुकरला लावणं, पातेल्यावर झाकण ठेवणं हेच खूप आहे.

पण या सगळ्यांच्या वर आहे छतावरची सौरऊर्जा, ज्यांच्याकडे छत आहे त्यांच्यासाठी. एक किलोवॉटचं पॅनल आपल्याकडे दिवसाला साधारण चार युनिट देतं. तीन किलोवॉट लावलं तर महिन्याला साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे वरच्या नाशिकच्या घराची गरज भागून उरतं. नेट मीटरिंग म्हणजे दिवसा जास्तीची वीज महावितरणला द्यायची, रात्री घ्यायची, आणि बिल फरकाचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा जास्त किलोवॉटला ७८ हजार रुपये सबसिडी आहे. हा एकच निर्णय घेतला की पुढची वीसेक वर्षं रोज काही आठवण ठेवावी लागत नाही.

ओला कचरा

हवामानाच्या यादीत ही गोष्ट कुणाच्या मनात येत नाही म्हणून वेगळी सांगतो. भाजीची देठं, शिळा भात, चहाची पावडर हे सगळं प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून दिलं की ते डम्पिंग ग्राउंडवर ढिगाखाली दाबलं जातं. तिथे हवा पोचत नाही, आणि हवेशिवाय अन्न कुजलं की मिथेन निघतो. मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत शंभर वर्षांच्या हिशोबाने २८ पट तापवतो, वीस वर्षांचा हिशोब धरला तर ८० पटीहून जास्त. मुंबईत देवनारला १९२७ पासून कचरा टाकतात, तिथे जानेवारी २०१६ मध्ये आग लागली तेव्हा धुराने कित्येक दिवस आसपासच्या लोकांचा जीव घुसमटला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. अशा ढिगाऱ्यांत आतल्या आत तयार होणारा मिथेन पेटतो. पुण्याचा कचरा उरुळी देवाची-फुरसुंगीच्या लोकांनी किती वर्षं सोसला हे पुणेकरांना सांगायला नको.

तोच कचरा घरी छिद्रं पाडलेल्या बादलीत, कोरड्या पाल्याबरोबर थर देऊन ठेवला तर हवा खेळती राहते, मिथेन जवळजवळ होत नाही, दीड-दोन महिन्यांत खत होतं. वास येतो ही तक्रार असते, वास येतो कारण ओलं जास्त आणि कोरडं कमी पडतं. सुका पाला, नारळाच्या शेंड्या, फाडलेलं पुठ्ठं टाकत राहायचं.

घरी जमणार नसेल तर निदान ओला-सुका वेगळा द्या, आणि सॅनिटरी पॅड, डायपर कागदात गुंडाळून लाल खूण करून तिसऱ्या पिशवीत. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक बाया हाताने वर्गीकरण करतात, बाकी शहरांत पण कुणाचे तरी हातच ते करतात. मिश्र कचरा म्हणजे त्या बाईच्या हाताला आपलं खरकटं आणि घाण लावणं. माझ्यासाठी कचरा वेगळा करण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे, मिथेन त्याच्या नंतर.

ठरवलेलं टिकत का नाही

‘मी वीज जपून वापरीन’ हा संकल्प दोन आठवड्यांत विरतो, कारण जपून म्हणजे किती, कधी, कोण बघणार यातलं काहीच ठरलेलं नसतं. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये यावर लिहिलं, त्याचं सार असं की नुसती इच्छा ठरवण्यापेक्षा ‘अमुक वेळ आली की मी तमुक करणार’ असं नेमकं ठरवणारे लोक ते जास्त वेळा पार पाडतात.

पण आपल्याकडे हे शिकवायला कुठल्या संशोधनाची गरज नव्हती खरं तर. चातुर्मासाचा नेम बघा. आषाढीला सुरू, कार्तिकीला संपणार. कांदा, लसूण, वांगं सोडलं म्हणजे सोडलं, कमी खाईन असं नसतं. घरातल्या सगळ्यांना माहीत असतं त्यामुळे स्वयंपाक करणारी व्यक्ती आपोआप बिनकांद्याचं वेगळं काढते, पाहुण्यांकडे गेलं तरी आधी सांगितलेलं असतं. नेमाला सुरुवात आहे, शेवट आहे, हद्द स्पष्ट आहे, साक्षीदार आहेत. चांगल्या संकल्पाला जे जे लागतं ते सगळं आहे, आणि ते आपल्या आज्यांनी आयुष्यभर पाळून दाखवलंय.

तसाच नेम धरायचा. ‘या चार महिन्यांत दोन किलोमीटरच्या आत कुठेही गाडी काढणार नाही.’ ‘एसी २६ च्या खाली नाही, रिमोट कुणाच्याही हातात असो.’ ‘एक हजार किलोमीटरच्या आत विमान नाही, वैद्यकीय गरज सोडून.’ ‘दिवाळीपर्यंत कुणासाठीच नवीन कपडे नाहीत.’ एका वेळी एक किंवा दोन, तुमच्या हिशोबात जे सगळ्यात जड निघालं त्यातलं. चार महिन्यांनी लाइट बिल मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघा. मागच्या महिन्याशी नाही, कारण ऋतू बदलला की वापर बदलतोच.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. माणूस एक चांगली गोष्ट केली की दुसरीकडे सैल पडतो. सोलर लावलं म्हणून दुसरा एसी घेतला, इलेक्ट्रिक गाडी आली म्हणून चालत जायच्या अंतरावर पण गाडी. सगळीकडचे लोक असं करतात. घरखर्च एकत्र बघायचा तसा कार्बनचा पण एकत्रच बघायचा, म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्यात टाकलेलं दिसतं.

‘आम्ही झाडं लावतो की’

लावा, नक्की लावा. सावली, पक्षी, पाणी मुरणं, सगळ्यासाठी लावा. पण मोठं झालेलं झाड वर्षाला साधारण वीस-पंचवीस किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं, आणि मोठं व्हायला त्याला वर्षं लागतात. म्हणजे दिल्लीच्या त्या एका कौटुंबिक विमानप्रवासाला तीसचाळीस मोठी झाडं वर्षभर लागतील. आपल्या राज्यात २०१९ मध्ये ३३ कोटी झाडं लावायची मोहीम झाली, खड्डे खणले, फोटो निघाले, पण झाडाचा खरा हिशोब तिसऱ्या उन्हाळ्यानंतर लागतो. रोप लावायची शपथ घेण्यापेक्षा मार्च ते जून आठवड्यातून दोनदा एका ठरलेल्या रोपाला पाणी घालायची घ्या, आणि रोप वड, पिंपळ, कडुनिंब, करंज, जांभूळ असं इथलंच निवडा.

‘कंपन्यांनी करावं, आम्ही का?’

या प्रश्नात तथ्य आहे. कार्बन फूटप्रिंट ही कल्पना घराघरात नेली ती बीपी या मोठ्या तेल कंपनीने, २००४ च्या सुमाराला, तुमचा फूटप्रिंट मोजा म्हणून. तेल विकणाऱ्याने तेल वापरणाऱ्याला जबाबदार धरावं याचा राग येणं योग्यच. वीज कोळशावर बनवायची की वाऱ्यावर, बस किती सोडायच्या, हे मी घरात बसून ठरवू शकत नाही. म्हणून वैयक्तिक संकल्प हे सरकार-कंपन्यांना दिलेलं माफीपत्र समजू नये. बसची वारंवारता वाढवा म्हणून महापालिकेला पत्र लिहिणं, नगरसेवकाला विचारणं हा पण संकल्पच आहे, आणि बरेचदा बादलीच्या अंघोळीपेक्षा जड. दोन्ही करता येतं. जो रोज बसने जातो तोच बससाठी भांडतो, कारमधून जाणाऱ्याला बस उशिरा आली ते कळतच नाही.

‘भारताचं तर आधीच कमी आहे’

हेही खरं. माणशी वर्षाला भारतात सुमारे २ टन, जगाची सरासरी साडेचार-पावणेपाच, अमेरिकेत १४ च्या आसपास. जुनं कर्ज श्रीमंत देशांचं आहे आणि ते त्यांनी फेडलंच पाहिजे. पण २ टन ही सरासरी आहे. त्यात मेळघाटातलं एक बल्ब आणि चुलीचं घर आहे, आणि त्यातच पुण्यातलं दोन गाड्या, तीन एसी आणि वर्षाला चार विमानप्रवासांचं घर आहे. पहिल्या घराला कमी करा म्हणणं पाप आहे, त्याला अजून वीज मिळायला हवी, पंखा मिळायला हवा, फ्रिज मिळायला हवा. हा सगळा लेख दुसऱ्या घरासाठी आहे आणि त्याच्या आसपासच्या घरांसाठी. देशाची सरासरी दाखवून गरिबाच्या वाट्याआड लपणं मला बरोबर वाटत नाही.

‘मी एकट्याने करून काय होणार?’

एकट्याच्या किलोंनी काही होत नाही, बरोबर आहे. पण माणूस शेजाऱ्याकडे बघून वागतो. २००८ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला, हॉटेलच्या खोलीत ‘पर्यावरण वाचवा, टॉवेल परत वापरा’ अशी पाटी लावली तर जेवढे लोक ऐकायचे त्यापेक्षा जास्त लोकांनी ‘याच खोलीत राहिलेल्या बहुतेक पाहुण्यांनी टॉवेल परत वापरला’ या पाटीचं ऐकलं. कॅलिफोर्नियात तर दिसलं की एका भागात सोलरची छतं वाढली की आजूबाजूची घरंही पटापट लावायला लागतात.

आणि आपल्या घरातलं उदाहरण हिवरे बाजार. नगर तालुक्यातलं गाव, पाऊस जेमतेम, १९८० च्या दशकात माणसं गाव सोडून जात होती. पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावाने नियम धरले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान, शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस-केळीसारखी पाणी पिणारी पिकं नाहीत. दरवर्षी पाऊस किती पडला, विहिरीत किती आहे याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि त्यावरून रब्बीला काय पेरायचं ते ठरवायचं. एकट्या शेतकऱ्याने बोअर न घेण्याची शपथ घेतली असती तर शेजाऱ्याच्या बोअरने त्याची विहीर कोरडी केली असती आणि तो वेडा ठरला असता. सगळ्यांनी मिळून धरल्यामुळे तो नियम प्रत्येकाच्या फायद्याचा झाला, बाहेर गेलेली कुटुंबं परत आली. काही संकल्प एकट्याने धरण्यासारखे असतातच, एसी, बादली, चालणं. पण पाणी, कचरा, सोलर यांना पाच-पन्नास घरं लागतात.

सोसायटीत किंवा गावात मांडायचं कसं

सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्याच्या आधी सेक्रेटरीला लेखी विषय द्या, तोंडी सांगितलेलं ‘आयत्या वेळचे विषय’ मध्ये जातं आणि तोपर्यंत लोक वडापावकडे वळलेले असतात. सोबत तीन कागद जोडा. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्या कॉमन मीटरची मागच्या बारा महिन्यांची बिलं. गच्चीवर सावली न पडणारी जागा किती, एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट धरायचे. आणि दोन वेगळ्या विक्रेत्यांचे दर. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी सूर्यघर योजनेत किलोवॉटला १८ हजार रुपये सबसिडी आहे, हे बहुतेक सभासदांना माहीत नसतं आणि कळल्यावर चर्चेचा सूर बदलतो. टाकीवरून, गच्चीच्या गळतीवरून हरकती येतात, म्हणून वॉटरप्रूफिंगची जबाबदारी कुणाची ते विक्रेत्याकडून लेखी घेऊन ठेवा.

गावात १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते. पाण्याच्या ताळेबंदाचा विषय ऑक्टोबरच्या सभेत आला तर उपयोग, कारण पाऊस किती झाला ते तोपर्यंत कळलेलं असतं आणि रब्बीची पेरणी व्हायची असते. पर्जन्यमापकाची नोंद आणि आठ-दहा विहिरींची पाणीपातळी एवढं कागदावर असलं तरी पहिल्या वर्षी पुरतं.